नळीतला पीळ, गोळीचा बांधा

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४०च्या दशकात एक बंदूक मुद्दाम वाकवली. नळीचे तोंड थोडे डावीकडे वळवले, पुढे ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि बार काढला. पडद्यांना पडलेली भोके जोडून पाहिली तेव्हा बघणारे चक्रावले. नळीच्या वळणाप्रमाणे गोळी आधी डावीकडे गेली होती खरी, पण पुढे तिने दिशा बदलली आणि ती उजवीकडे सरकली. असे होणार हे रॉबिन्सने आधीच सांगून ठेवले होते. वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत येते, घासल्यामुळे ती स्वतःभोवती गरगरू लागते आणि गरगरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूने जास्त रेटते, असे त्याचे म्हणणे. सरळ नळीतही हेच घडते. फक्त गोळी शेवटची कोणत्या भिंतीला घासणार, हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गुळगुळीत नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी आपल्या लहरीने वेगळीकडे वळते.

यावरचा उपाय रॉबिन्सने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात समजावून सांगितला. गोळी फिरणारच असेल, तर ती कशी फिरावी हे आपण ठरवायचे. नळीच्या आत मळसूत्री खाचा कापल्या की गोळीला त्या पिळाप्रमाणेच फिरावे लागते आणि तिच्या फिरण्याचा आस तिच्या वाटचालीच्या रेषेत येतो. मग हवेचा रेटा सगळ्या बाजूंनी सारखा. अशा खाचांच्या बंदुका जर्मन कारागीर रॉबिन्सच्या कितीतरी आधीपासून बनवत होते, पण त्यांचा नेम का लागतो याचा शास्त्रीय उलगडा त्याने केला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या कामासाठी त्याला हिंदुस्थानात पाठवले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला.

इंग्लंडातल्या द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांना मात्र त्यानंतरही बराच काळ गुळगुळीत नळीच असे. पीळ दिलेल्या नळीने नेम धरणे हे सभ्य गृहस्थाला न शोभणारे मानले जाई. त्यावर काही कारागिरांनी तोड काढली होती. खाचा नळीच्या तोंडापर्यंत न आणता ते आतच थांबवत. वरून पाहणाऱ्याला नळी गुळगुळीत दिसे आणि गोळी मात्र पीळ घेऊन बाहेर पडे.

आजच्या पिस्तुलाच्या नळीत साधारणपणे सहा खाचा आणि त्यांच्यामध्ये तितकेच उंचवटे असतात. समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर गोळीच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवलेले असते. बार झाला की मागचा वायू गोळीला पुढे ढकलतो, उंचवटे तिच्या अंगात रुततात आणि तिला पकडून फिरवतात. या रचनेला रायफलिंग म्हणतात. नावात रायफल असली तरी पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचेही काम तिच्याशिवाय होत नाही. कोल्ट कंपनीची परंपरा डाव्या पिळाची, स्मिथ अँड वेसनची उजव्या पिळाची. त्यामुळे गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या गोळीवरचे चरे कोणत्या बाजूला झुकले आहेत हे पाहूनच तपासनीसाला काही बनावटी यादीतून वगळता येतात.

पीळ किती घट्ट आहे हे मोजायची रीत सोपी आहे: एक पूर्ण फेरा किती लांबीत होतो ते सांगायचे. ऑस्ट्रियन बनावटीच्या ग्लॉक १७ या ९ मिलिमीटर पिस्तुलात तो २५० मिलिमीटरमध्ये होतो. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या .४५ कोल्टमध्ये १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये. ग्लॉकची नळीच जेमतेम ११४ मिलिमीटर लांब आहे. म्हणजे नळीत असताना गोळीचा अर्धा फेरासुद्धा पुरा होत नाही! पण तेवढ्यात तिला मिळालेली गती अफाट असते. सेकंदाला ३६० मीटर वेगाने बाहेर पडणारी गोळी त्या क्षणी सेकंदाला १,४४० फेरे घेत असते. मिनिटाच्या हिशेबात ८६ हजारांहून जास्त. पंचवीस मीटरवरच्या टार्गेटपर्यंत पोचेतो तिचे सुमारे शंभर फेरे होतात.

लांबट गोळीला या फिरण्याची गरज गोल गोळीपेक्षाही जास्त असते. हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा अशा गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे असते. न फिरता सुटली तर हवा तिचे नाक उचलते आणि ती कोलांट्या खात जाते. फिरता भोवरा धक्का बसला तरी पडत नाही, नुसता डुलतो आणि पुन्हा आरीवर सावरतो. फिरणारी गोळी हवेत तेच करते.

मग किती फिरवले म्हणजे पुरे? वूलिचच्या तोफखाना महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ साली यासाठी एक सुटसुटीत नियम दिला. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते काढा, १५० ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तितक्या व्यासांच्या लांबीत एक फेरा झाला तरी गोळी स्थिर राहील. ९ मिलिमीटर पिस्तुलाची नेहमीची गोळी सुमारे १४ मिलिमीटर लांब असते, म्हणजे व्यासाच्या दीडपटीहून थोडी जास्त. नियमाने उत्तर येते सुमारे ८७० मिलिमीटरला एक फेरा. प्रत्यक्षात पिस्तूल देते २५० मिलिमीटरला एक. नियम ढोबळ आहे हे धरले तरी गरजेच्या तिपटीहून जास्त पीळ या नळीत आहे. रायफलच्या लांबसडक, टोकदार गोळ्यांना पीळ कमी पडण्याची भीती असते. पिस्तुलाच्या बुटक्या गोळ्यांना ती सहसा नसते.

जास्तीच्या पिळाने काही बिघडते का? गोळी सर्व बाजूंनी तंतोतंत सारखी असती, तर काहीच बिघडले नसते. पण कारखान्यातून निघणाऱ्या गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मधल्या आसावर नेमका पडत नाही. समजा, तो एक शतांश मिलिमीटरने बाजूला आहे. नळीत असेपर्यंत हा मध्य आसाभोवती फिरत राहतो आणि नळीचे तोंड सुटताच त्या क्षणी ज्या दिशेला जात होता तिकडे निसटतो. हिशेब केला तर २५० मिलिमीटरच्या पिळात ही चूक २५ मीटरवर सहा मिलिमीटरचा सरका देते. पीळ ४०६ मिलिमीटरचा असेल तर तीच गोळी चार मिलिमीटरच्या आत राहते. गंमत म्हणजे या हिशेबात गोळीचा वेग येतच नाही. येतो तो फक्त दोष, अंतर आणि पीळ. हलक्या ९ मिलिमीटर गोळ्यांसाठी काही नळीकार १६ इंच किंवा त्याहूनही संथ पीळ देतात, ते याच कारणाने. गोळी निर्दोष असेल तर घट्ट पीळ चालून जातो. गोळी बेताची असेल तर तो तिचे दोष मोठे करून दाखवतो.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. वॉडकटर ही गोळी म्हणजे जवळजवळ निखळ दंडगोल, नाक पूर्ण सपाट. कागदाच्या टार्गेटला ती पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. तिचा वेग मात्र कमी; .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरमधून ती सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास सुटते. स्मिथ अँड वेसनच्या या रिव्हॉल्व्हरांचा पीळ १८.७५ इंचांना एक फेरा, म्हणजे बराच संथ. पंचवीस यार्डांवर हे ठीक चालते. पण पोलिसांच्या स्पर्धांत ५० यार्डांवर नेम धरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांना सगळ्या गोळ्या एका ठिकाणी बसवताना त्रास होऊ लागला. त्यांनी स्मिथच्या सांगाड्यावर कोल्टच्या पायथन रिव्हॉल्व्हरची १४ इंची पिळाची नळी बसवून घेतली. काहींनी १० इंचांपर्यंतची खास नळी करून घेतली. दोन घराण्यांच्या या संकराला नेमबाजांनी नावही दिले: स्मायथन.

पिळाचा आकडा इतकेच ठरवतो. बाकीची कथा गोळी खाचांना कशी धरते आणि नळीतून कशी सुटते, याची आहे.

शिशाची गोळी सगळ्यात जुनी. शिसे मऊ, खाचांत सहज भरते, नळीची झीज करत नाही. पण तिचे माप बरोबर लागते. खाचांच्या तळाच्या व्यासापेक्षा ती इंचाच्या सुमारे एक सहस्रांशाने मोठी असली की मागचा वायू पुढे निसटत नाही. तीच थोडी बारीक असली की तापलेला वायू तिच्या कडेने वाट काढतो, शिसे खरवडतो आणि ते नळीच्या आत चिकटवतो. मग पुढच्या गोळ्यांना स्वच्छ खाचा मिळत नाहीत आणि टार्गेटवरची भोके पांगू लागतात. वेग वाढवला तरी हाच त्रास. म्हणून शिशात कथिल आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात आणि गोळीच्या अंगावरच्या वळीत मेणासारखे वंगण भरतात.

खाचा आणि वंगण यांच्या या नात्याची आठवण हिंदुस्थानच्या इतिहासात कायमची राहिली आहे. १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक तोंडाकडून भरायची होती. गोळी खाचांत घट्ट बसावी, पण वरून सळईने सहज आत जावी, या दोन परस्परविरोधी अटी होत्या. फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन मिनिएने १८४०च्या दशकाच्या अखेरीस काढलेला तोडगा असा की गोळी नळीपेक्षा बारीक आणि तळाशी पोकळ ठेवायची. बार होताच वायूच्या दाबाने तिचा घेर फुगतो आणि खाचा भरतो. एनफिल्डची गोळी त्याच जातीची. ती कागदासकट आत सरकावी आणि काळ्या दारूची काजळी खाचांत घट्ट बसू नये म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. ती चरबी गाईची आणि डुकराची असल्याच्या बातमीने १८५७ साली काय झाले, ते सांगायला नको.

त्याच सुमारास मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने खाचाच काढून टाकल्या. त्याच्या नळीचे भोकच षटकोनी होते आणि तो षटकोन २० इंचांत एक फेरा घेई. एनफिल्डचा फेरा ७८ इंचांचा होता. गोळीही त्याच पिळाची, षटकोनी. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने चापाला बांधलेली दोरी ओढून व्हिटवर्थची ठोकळ्यावर बसवलेली बंदूक उडवली. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली. नेमात सरस असूनही ही बंदूक महाग पडली आणि सैन्यात तिला एनफिल्डची जागा घेता आली नाही.

व्हिटवर्थची कल्पना शंभरेक वर्षांनी पिस्तुलात परतली, पण कडा गोलावून. जर्मनीत हेक्लर उंड कोखने आणि १९८०च्या दशकात ग्लॉकने अशा बहुकोनी नळ्या वापरल्या. पोलादाच्या जाड नळीत उलट्या आकाराची सळई घालून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी ठोकले की सळईचा आकार आत उमटतो. कापण्याचे काम उरत नाही. तीक्ष्ण कोपरे नसल्याने तांब्याच्या वेष्टनाची गोळी या नळीत छान सील होते, मळ कमी साचतो आणि नळी टिकते. गोळीवर ठळक चरेही उमटत नाहीत, म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांचे काम अवघड होते. उघड्या शिशाच्या गोळीशी मात्र या नळीचे जमत नाही. शिसे साचते, वाट अरुंद होते आणि दाब वाढत जातो. ग्लॉक कंपनी म्हणूनच अशा गोळ्या वापरू नका असे बजावते. एकाच पिस्तुलातून एका जातीची गोळी उत्तम जाते आणि दुसऱ्या जातीची धोकादायक ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

वेष्टनाची गोळी आली ती बिनधुराच्या दारूच्या काळात. वेग वाढले तसे उघडे शिसे खाचांत टिकेना. ते पकड सोडून घसरू लागले. स्वित्झर्लंडच्या मेजर एडुआर्ड रुबिनने १८८२ साली शिशाभोवती तांब्याचे कवच घातले. आजच्या कवचात तांब्याबरोबर थोडे जस्त असते. भारतीय सैन्याचे इशापूरला बनणारे ९ मिलिमीटर १-ए पिस्तूल अशाच गोळीवर चालते. पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आला तेव्हा, म्हणजे १८६९ साली, रुबिनचा शोध अजून तेरा वर्षे दूर होता.

कवच घालायची पद्धत साधी वाटते, पण नेमाच्या दृष्टीने तिच्यात एक मेख आहे. ती कळायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरकडे जावे लागते. मानने बंदुकीची नळी जड चौथऱ्यावर जखडली आणि वर्षानुवर्षे गोळ्या झाडून पाहिल्या. काही गोळ्यांची नाके त्याने मुद्दाम खराब केली, काहींचे तळ. त्याचे निष्कर्ष १९०९ साली पुस्तकरूपाने आले. नाक बिघडलेली गोळी बऱ्यापैकी सरळ जाते, तळ बिघडलेली भरकटते. कारण नळीतून शेवटी सुटतो तो तळ. त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी एकदम बाहेर यायला हवा. तळाची एक कड तुटकी असेल, तर वायू आधी तिथून फुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. नळीच्या तोंडाच्या कडेला टवका उडाला तरी हेच होते. म्हणून जाणकार नेमबाज नळी साफ करताना सळई तोंडाशी घासू देत नाहीत.

आता लष्करी गोळी पाहा. कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात नाकाशी शिसे उघडे ठेवलेल्या गोळ्या बनू लागल्या; त्या शरीरात शिरून पसरत. १८९९च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा काढला आणि सैन्यांच्या गोळ्या पूर्ण कवचाच्या राहिल्या. पूर्ण कवचाचा पेला नाकाकडे बंद असतो; शिसे मागून भरतात आणि कवचाची कड तळाशी दुमडतात. म्हणजे जिथे सर्वाधिक सफाई हवी, तिथेच दुमड येते. पोकळ नाकाच्या गोळीत उलटे घडते. तिचा पेला तळाकडे बंद आणि गुळगुळीत, तोंड पुढे उघडे. पोलीस ही गोळी वेगळ्या हेतूने निवडतात, पण कागदावर भोके मोजली तर दोन सारख्या दर्जाच्या गोळ्यांत बहुधा हीच सरस ठरते. लांब पल्ल्याच्या रायफलसाठीच्या नावाजलेल्या सिएरा मॅचकिंग गोळ्यांच्या नाकाशीही बारीक छिद्र असते. ते पसरण्यासाठी नाही, तळ निर्दोष राहावा म्हणून.

या दोहोंच्या मधली जात म्हणजे मऊ शिशावर विजेच्या प्रक्रियेने तांब्याचा पातळ मुलामा चढवलेली गोळी. ती स्वस्त असते आणि सरावाला बरी पडते. पण जोरात झाडली की खाचांचे उंचवटे मुलामा फाडू शकतात. मग गोळी अर्धवट सालपटासह बाहेर पडते आणि वाट सोडते.

ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात यातले काहीच नसते. तिथे .२२ लाँग रायफलचे काडतूस, म्हणजे मेणाच्या वंगणातली साधी शिशाची छोटी गोळी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक घेतले. या स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पिस्तुलांचा पीळ बहुधा १६ इंचांचा, गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा कमी, आणि संथ नेमाच्या फेरीतल्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे. वेग मर्यादेत असल्याने शिसे साचायची फारशी चिंता नाही. प्रश्न उरतो तो सारखेपणाचा.

तो सारखेपणा कागदावर मोजून कळत नाही. म्हणून बर्मिंगहॅमची इली किंवा लापुआ यांसारख्या काडतूस कंपन्यांनी चाचणीच्या रेंज ठेवल्या आहेत. खेळाडू आपले हत्यार घेऊन जातो. ते पकडीत जखडतात आणि एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या, पण वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या लॉटमधल्या गोळ्या त्यातून झाडून पाहतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक लॉटची भोके किती पांगली ते मोजते. कारखान्याच्या दृष्टीने सगळे लॉट एकाच दर्जाचे. तरी एका नळीत जो लॉट घट्ट गोळा होतो तो शेजारच्या खेळाडूच्या नळीत पांगतो, मग दोन्ही नळ्या एकाच यंत्रावर का बनलेल्या असेनात. खाचांच्या खोलीतला सूक्ष्म फरक, शिशाचा कडकपणा, वंगणाचा थर यांचा मेळ प्रत्येक जोडीत निराळा बसतो. त्यामुळे वरच्या पातळीवरचे नेमबाज काडतुसे घेताना ब्रँडबरोबर लॉटचा नंबर मागतात आणि परवडेल तेवढा तो लॉट एकदम उचलतात. तो संपत आला की नळी पुन्हा पकडीत जाते आणि चाचणी पहिल्यापासून सुरू होते.